आडोसा देणाऱ्याची पाठ

तुमच्या प्रश्नाचा गाभा आधी मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचे वय ३३ आहे आणि नाते चार वर्षांचे आहे. दोन्ही घरांचा विरोध पत्करून तुम्ही दोघे एकत्र राहू लागलात. गेली दोन वर्षे कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून चारचौघांत तुमचा पाणउतारा होत आहे, आणि संध्याकाळी घरी येऊन जोडीदाराच्या कुशीत शिरले की ‘बाहेरचे जग बंद होते’, असे तुम्ही लिहिले आहे. मैत्रिणींना भेटणे हळूहळू थांबले, समारंभाला एकटीने जाणे थांबले, अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे असले तरी आता तोच बोलतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘आज मला जरा एकट्याला बसू दे,’ आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: प्रेमात आसरा शोधणे हा दुबळेपणा आहे का, आणि त्याचे प्रेम आटले आहे का.

गेली २३ वर्षे मी जोडप्यांचे समुपदेशन करते आहे. या दोन प्रश्नांच्या आड एक तिसरा प्रश्न जवळजवळ नेहमीच असतो आणि तो क्वचितच कोणी विचारते. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण तुम्ही विचारलेल्या क्रमानेच जाऊ.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत अनुबंधाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा पायाच असा आहे की भीती, आजार किंवा थकवा आला की एका विशिष्ट माणसाच्या जवळ जावेसे वाटणे ही आपली जन्मजात घडण आहे आणि ती बालपणाबरोबर संपत नाही. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण करून या विचाराला भक्कम आधार दिला. त्या निरीक्षणांतून मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीची दोन कामे ठळक झाली. मूल घाबरले की त्याने जिच्याकडे धावत यावे अशी ती व्यक्ती असते, आणि मूल शांत झाले की पुन्हा खेळायला, धुंडाळायला जिच्यापासून निघावे अशीही तीच असते. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की प्रौढांचे प्रेमसंबंधही याच घडणीवर उभे राहतात. तेव्हा दिवसभराच्या अपमानानंतर तुम्हाला त्याच्या कुशीत जावेसे वाटते यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. तसे वाटले नसते, तर मला अधिक काळजी वाटली असती.

२००६ मध्ये जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी अनेक जोडप्यांना सांगते. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवले जाई आणि विजेचा झटका बसण्याची शक्यता आहे असा इशारा दिला जाई. काही वेळा त्यांच्या हातात पतीचा हात असे, काही वेळा अनोळखी माणसाचा, आणि काही वेळा कोणाचाच नसे. धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागांतील खळबळ पतीचा हात हातात असताना सर्वांत जास्त शमलेली दिसली, आणि ज्यांचे नाते अधिक समाधानाचे होते त्यांच्यात हा परिणाम अधिक होता. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा इमला चढवू नये. मात्र त्यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. हात धरल्याने झटका टळत नव्हता, तो सोसण्याचे श्रम कमी होत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुमच्या कार्यालयाविषयी बोलताना मला तिची गरज पडणार आहे.

निवाऱ्यासाठी मराठीत किती निरनिराळे शब्द आहेत, आणि जोडप्यांशी बोलताना मला त्यांचा फार उपयोग होतो. ‘विसावा’ वाटेवरचा असतो. तो घेणाऱ्याला अजून पुढे जायचे आहे हे त्या शब्दातच गृहीत आहे. ‘आडोसा’ वाऱ्यापावसात घटकाभर मिळतो, आणि तो मिळण्यासाठी मध्ये काहीतरी उभे असावे लागते. ‘आसरा’ मागणाऱ्याला बहुधा दुसरीकडे जायला जागा उरलेली नसते. ‘दडून बसणे’ म्हटले की कोणीतरी आपल्याला शोधत आहे ही धास्ती आली. एकच मिठी या चारांपैकी काहीही असू शकते, एकाच आठवड्यात चारही असू शकते. तुमचे पत्र वाचताना मला असे जाणवले की दोन वर्षांपूर्वी जो विसावा होता, तो आता आसरा झाला आहे, आणि काही दिवशी दडून बसण्याची जागा. तुम्हाला जे खटकते आहे ते हे स्थित्यंतर आहे, आणि ते तुम्हाला स्वतःहून जाणवले याचे मोल मला फार वाटते.

हे स्थित्यंतर घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगते, कारण ते समजले नाही तर माणूस स्वतःला तरी दोष देतो किंवा प्रेमाला तरी. होबार्ट माउरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये भीती आणि टाळाटाळ यांचे नाते उलगडून दाखवले. एखाद्या गोष्टीची भीती बसली आणि आपण ती टाळली, की लगेच सुटल्यासारखे वाटते. ती सुटका हेच बक्षीस ठरते आणि पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी बळकट होते. शिवाय टाळत राहिल्यामुळे ती गोष्ट आपल्याला वाटली तितकी भयंकर नव्हती, हे कळण्याची संधीच मिळत नाही. भीती मग जिथल्या तिथे राहते, बहुतेकदा पसरते. आता यात प्रेम मिसळून पाहा. समारंभाला न जाता तुम्ही घरी थांबलात, तर नुसती सुटका मिळत नाही. सुटकेबरोबर ऊब मिळते, स्पर्श मिळतो, ‘नको जाऊस, मी आहे ना’ हे शब्द मिळतात. टाळण्याचे बक्षीस दुप्पट होते. त्यालाही बक्षीस मिळते, कारण आपल्यामुळे तुम्ही शांत झालात हे पाहणे त्याला आवडते. अशा रीतीने दोन माणसे अत्यंत प्रेमाने, एकमेकांचे भले चिंतून, एका भीतीला खतपाणी घालत राहतात. चिंतेच्या विकारांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला ही अवस्था परिचित असते.

एका जोडप्याचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नोकरी गेल्यानंतर त्या गृहस्थांना चार लोकांत जाण्याची लाज वाटू लागली. पत्नी म्हणाली, ‘तुम्ही नका येऊ, मी सांगते काहीतरी.’ वर्षभर तिने प्रत्येक ठिकाणी ‘काहीतरी’ सांगितले. वर्षाअखेरीस त्यांना स्वतःच्या सख्ख्या भावाचा फोनही घेववेना, आणि तिला मात्र कोणाला काय कारण सांगितले आहे याचा हिशेब ठेवून ठेवून रात्री झोप लागेनाशी झाली. माझ्याकडे ते दोघे आले तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, ‘यांना बरे वाटावे म्हणून मी सगळे केले, आणि यांना काही बरे वाटले नाही.’ तिचे काही चुकले असे मी त्यांना कधीही म्हणाले नाही. पहिल्या महिन्यात तिने जे केले तेच योग्य होते. चूक झाली ती एवढीच की पहिल्या महिन्यातले औषध बाराव्या महिन्यातही त्याच मात्रेत दिले जात होते आणि आजार बदलला आहे का, हे मध्ये कोणी पाहिले नाही.

आता तुमच्या कार्यालयाकडे येते. तुमच्या पत्रात त्या पाणउताऱ्याविषयी चार-पाच ओळी आहेत आणि त्याच्या मिठीविषयी जवळजवळ दोन पाने. दोन वर्षांत तुम्ही लेखी तक्रार केली का, कोणा सहकाऱ्याने तुमची बाजू घेतली का, दुसरीकडे काम शोधले का, यातले काहीच पत्रात नाही. मी हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. प्रयोगातल्या त्या स्त्रियांचे झटके हाताच्या स्पर्शाने थांबत नव्हते, फक्त सोसवत होते, हे मी मघाशी म्हणाले. उत्तम आसऱ्याचा हा एक धोका आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. ज्याला घरी आल्यावर कोणी जवळ घेणारे नसते, त्याला सहा महिन्यांतच कळते की हे सहन होण्याच्या पलीकडचे आहे, आणि तो काहीतरी हालचाल करतो. ज्याला दररोज संध्याकाळी पुन्हा उभे करणारे माणूस मिळते, तो दोन वर्षे, पाच वर्षे सहन करत राहू शकतो. प्रेम तुम्हाला बळ देत आहे यात शंका नाही. ते सगळे बळ जर अपमान सोसण्यातच खर्च होत असेल, तर अपमान करणाऱ्यांच्या सोयीचे काम तुमच्या प्रेमाकडून नकळत होत आहे. मला या विचाराने अस्वस्थ वाटते आणि तुम्हालाही वाटावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याच्या मदतीचा काही भाग अश्रू पुसण्याऐवजी तारीखवार नोंदी लिहिण्यात, तक्रारीचा मसुदा वाचून पाहण्यात, नव्या कामासाठी अर्ज करण्यात गेला, तर तीच माया वेगळे फळ देईल.

आता तो तिसरा प्रश्न. प्रेमातला आसरा म्हणजे घर नव्हे, डोंगर नव्हे, झाड नव्हे. तो एक माणूस असतो. तुम्हाला वारा लागू नये म्हणून जो उभा राहतो, त्याची पाठ वाऱ्याकडे असते. तुमच्या दोन पानांत त्याच्या खांद्याचे, हातांचे, आवाजाचे फार हृद्य वर्णन आहे, पण त्याचा दिवस कसा जातो, त्याच्या कामात काय चालले आहे, त्याच्या घरच्यांनी विरोध केल्यानंतर त्याने कोणाकोणाला गमावले, यावर एकही वाक्य नाही. आडोसा देणारा स्वतः भिजून आला असेल तर तो कुठे जातो, हा तो प्रश्न आहे.

हे मला पुस्तकांतून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी माझे वडील दीर्घकाळ आजारी होते, आणि त्या सबंध काळात मी दररोज रात्री सगळा भार माझ्या पतीवर टाकत असे. ते ऐकत, जवळ घेत, कधी एका शब्दाने कुरकुर केली नाही. वडील गेल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी सहज बोलता बोलता ते म्हणाले, ‘त्या दिवसांत दार उघडण्याआधी मी जिन्यात थोडा वेळ बसत असे.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र त्या रात्री फार रडले. दररोज इतर जोडप्यांना जे विचारते, ते मी स्वतःच्या घरात एकदाही विचारले नव्हते. त्या जिन्याची आठवण झाल्याशिवाय मी आता कोणत्याही जोडप्यातल्या ‘खंबीर’ माणसाकडे पाहू शकत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे त्याचे प्रेम आटले का याचे, माझे उत्तर असे आहे की तुम्ही दिलेल्या माहितीवरून तसे मानायला आधार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी ही माणसे घरी आल्यावर बोलणे-चालणे कमी करून मिटून बसत. म्हणजे दमलेल्या माणसाचा निवारा प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या कुशीतच असतो असे नाही. काहींचा तो शांततेत असतो, आणि तो मागणे हे समोरच्याला नाकारणे नसते. याच्या जोडीला लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांचे २००४ मधले काम पाहण्यासारखे आहे. नवविवाहित जोडप्यांचा पाठपुरावा करताना त्यांना दिसले की बाहेरचे ताण वाढलेल्या काळात माणसे जोडीदाराच्या वागण्याचा अर्थ अधिक कठोरपणे लावतात. एरवी ‘दमला असेल’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्या काळात ‘याला माझी किंमत नाही’ अशी वाचली जाते. त्याचे ते एक वाक्य दोन वर्षांच्या अपमानाने सोललेल्या मनावर पडले, म्हणून ते इतके झोंबले. तेच वाक्य तुम्ही चार वर्षांपूर्वी ऐकले असते, तर कदाचित त्याच्यासाठी दिवा मंद करून दुसऱ्या खोलीत गेला असता.

आता करायचे काय. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ गी बोडनमान यांनी जोडप्यांनी ताण एकत्र कसा हाताळावा यावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि त्यांच्या प्रशिक्षणातली एक पद्धत मी माझ्या कामात सतत वापरते. एका वेळी एकानेच बोलायचे, आणि घरातल्या कुरबुरीविषयी नाही, तर बाहेरच्या एखाद्या प्रसंगाविषयी. नुसती हकिकत सांगून थांबायचे नाही. तो प्रसंग आपल्याला इतका का लागला, आतल्या कोणत्या जागी लागला, तिथपर्यंत जायचे. ऐकणाऱ्याने मध्ये सल्ला द्यायचा नाही, फक्त समजून घेण्यासाठी विचारायचे. यालाच अर्धा तास सहज लागतो. मग ऐकणाऱ्याने त्याला सुचेल तसा आधार द्यायचा, आणि शेवटी बोलणाऱ्याने सांगायचे की त्यातले काय उपयोगी पडले आणि काय हवे होते पण मिळाले नाही. हा शेवटचा भाग जोडपी नेहमी गाळतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, कारण आधार देणाऱ्याला आपण दिलेले पोचले की नाही हे कळण्याची दुसरी वाट नसते. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. तुमच्या बाबतीत पहिले काही आठवडे जास्त पाळ्या त्याच्या असाव्यात असे मी सुचवेन. सुरुवातीला तो ‘माझे विशेष काही नाही’ म्हणेल. ज्यांना दोन वर्षे कोणी विचारलेले नसते, ते असेच म्हणतात.

त्याला आधार देताना एक पथ्य पाळा. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोघांनीही रोजची नोंद ठेवायची होती. जोडीदाराने आधार दिल्याचे नोंदवले, पण परीक्षार्थीच्या ते ध्यानातही आले नाही, अशा दिवशी परीक्षार्थीचे मन अधिक सावरलेले दिसले. उलट ‘मला आधार दिला जात आहे’ हे ठळकपणे जाणवले की आपण कमी पडतो आहोत ही बोच वाढत असे. चार वर्षे खंबीरपणाची भूमिका निभावणाऱ्या माणसाला ही बोच जास्तच लागण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘आता मी तुला सांभाळते’ अशी घोषणा नको. त्याचे एखादे काम त्याच्या आधी उरकून टाका, फोन स्वतः करा, त्याची एक संध्याकाळ रिकामी ठेवा. त्याला कळले नाही तरी चालेल.

फोन स्वतः करण्याचा मुद्दा मी सहज घातलेला नाही. टाळाटाळीचे चक्र मोडायचे ते अशाच छोट्या जागी. या आठवड्यात एक फोन, पुढच्या आठवड्यात एका मैत्रिणीला तासभर भेटणे, त्याच्या पुढे एखाद्या समारंभात अर्धा तास. प्रत्येक वेळी जाण्यापूर्वी किती भीती वाटली आणि प्रत्यक्षात काय झाले ते लिहून ठेवा. परत आल्यावर मात्र मिठी हवीच. आतापर्यंत मिठी न जाण्याबद्दल मिळत होती, आता ती जाऊन येण्याबद्दल मिळेल. ब्रुक फीनी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की ज्यांच्या जोडीदाराने त्यांचे अवलंबून असणे मनापासून स्वीकारले होते, ती माणसे सहा महिन्यांनंतर अधिक स्वावलंबी झालेली होती. वरवर पाहता हे उलटे वाटते. बोल्बी-एन्सवर्थ यांची ती दोन कामे आठवली की ते सरळ वाटू लागते: परतीची खात्री असते, म्हणून माणूस दूर जाऊ शकतो. तुमच्या नात्यात पहिले काम त्याने फार सुंदर निभावले आहे. दुसऱ्या कामाची संधी मात्र तुम्ही त्याला अजून दिलेली नाही, कारण तुम्ही निघतच नाही.

मैत्रिणींविषयी थोडक्यात. फिलिप स्लेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच लिहिले होते की जोडपे जसजसे एकमेकांत गुंतते, तसतसे ते बाकीच्या गोतावळ्यातून अंग काढून घेते. आणि नंतरच्या अभ्यासांत मित्रमैत्रिणींचे वर्तुळ आक्रसताना दिसलेही. सुरुवातीच्या काळात यात वावगे काही नसते. चार वर्षांनंतरही ते वर्तुळ उघडले नाही, तर त्या सगळ्या माणसांनी मिळून जे ऐकायचे, हसायचे, समजावायचे, ते सगळे एकट्या त्याच्यावर येऊन पडते. मैत्रीण परत मिळवणे हे तुम्ही त्याच्यासाठी करू शकाल असे एक मोठे काम आहे. सुरुवात अवघडलेली होईल. ‘बरेच दिवस मी कोणाच्याच संपर्कात नव्हते, चूक माझी, भेटशील का?’ एवढे वाक्य पुरते.

दोन्ही घरांच्या विरोधाबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिले आहे की त्यामुळेच तुमचे प्रेम घट्ट झाले. १९७२ मध्ये रिचर्ड ड्रिस्कॉल यांच्या गटाला आई-वडिलांच्या अडथळ्याने प्रेम वाढते असे आढळले होते आणि ती कल्पना फार लोकप्रिय झाली. पण २०१४ मध्ये कॉलीन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा त्यांना तसे दिसले नाही. जवळच्या माणसांची नापसंती असलेल्या जोडप्यांत प्रेम, विश्वास आणि बांधिलकी कमीच आढळली. तुमचे प्रेम विरोधामुळे टिकले असे मला वाटत नाही. ते विरोध असूनही टिकले आहे, आणि त्याची किंमत तुम्ही दोघांनी मोजली आहे. दोन्ही घरांपैकी एखादे माणूस जरी निवळलेले असेल, एखादी आत्या, एखादा चुलतभाऊ, तर त्या एका दाराची कडी वाजवून पाहा. ‘सगळे जग एकीकडे आणि आम्ही दोघे एकीकडे’ ही भावना पहिल्या वर्षी पंख देते, पाचव्या वर्षी तिचे ओझे होते.

काही गोष्टींची खातरजमा मी पत्रावरून करू शकत नाही, म्हणून त्या स्पष्ट लिहिते. त्या एका वाक्यानंतर गेलेली झोप अजून परतली नसेल, सकाळी उठण्याची इच्छा उरली नसेल, घराबाहेर पाऊल टाकताना छाती धडधडून श्वास कोंडत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वर लिहिलेले काहीही सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य आणि तीव्र चिंता यांवर चांगले उपचार आहेत, आणि जोडीदाराच्या प्रेमाकडून त्या उपचारांचे काम करवून घेऊ नये. दुसरे असे की तुमच्या मैत्रिणी तुटल्या त्या तुमच्या टाळण्याने, असे मी गृहीत धरले आहे. त्या त्याने तोडायला लावल्या असतील, फोन तो करतो याचा अर्थ फोन तुम्हाला करू देत नाही असा असेल, ‘माझ्याशिवाय तुझे कोणी नाही’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकवले जात असेल, तर या उत्तरातला एक शब्दही तुम्हाला लागू नाही. तो आसरा नसतो, कोंडवाडा असतो, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला न सांगता बाहेरच्या माणसाची मदत घ्यावी लागते. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसे वाटले नाही. तरीही हे न लिहिता पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण बाहेरून पाहता ही दोन्ही घरे सारखीच दिसतात: बंद दार, दोन माणसे, आणि बाकी कोणी नाही.

त्या संध्याकाळच्या वाक्याबद्दल त्याच्याकडून स्पष्टीकरण मागू नका. ‘तू असे का म्हणालास?’ या प्रश्नाचे उत्तर तो तुम्हाला सावरण्यासाठीच देईल, आणि पुन्हा तुमचीच पाळी होईल. त्याऐवजी एखाद्या निवांत संध्याकाळी, तुमचा दिवस बरा गेला असेल अशी संध्याकाळ निवडून, त्याला विचारा की घरी येताना वाटेत तो कसला विचार करत असतो. विचारल्यावर थांबा. तो म्हणेल, ‘काही नाही.’ तेव्हा रडू आले तरी त्या क्षणापुरते ते बाजूला ठेवून नुसत्या शेजारी बसा, आणि चार दिवसांनी हाच प्रश्न पुन्हा विचारा.